माहितीचे बिऱ्हाड : संगणकीय नोंदींचे स्थलांतर आणि तज्ज्ञाची निवड

बिऱ्हाड हलवण्याचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांवर कधी ना कधी आलेला आहे. भांडी मोजून बांधली, ट्रंकांवर नावे टाकली, तरी नव्या घरी गेल्यावर रेशनकार्ड नेमके कोणत्या पिशवीत ठेवले ते आठवत नाही. परंतु घरातील माणसे तीच असतात, वस्तूची आठवण सर्वांना असते, म्हणून चार दिवसांनी का होईना ती सापडते. संगणकातील नोंदींचे बिऱ्हाड हलते तेव्हा गोष्ट वेगळी असते. हरवलेली नोंद आपण होऊन हाक मारत नाही. ती हरवली आहे हेच मुळी कोणाला ठाऊक नसते. दोन वर्षांनी एखादी भगिनी पतीच्या नावावरची ठेव मोडण्यासाठी पावती घेऊन खिडकीपाशी येते आणि "या नावाचे खाते दिसत नाही" असे उत्तर तिला मिळते, तेव्हा ती हरवलेली नोंद प्रथमच बोलू लागते.

सभासद बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी कोणी पतसंस्थेच्या कार्यकारिणीवर आहेत, कोणी गृहनिर्माण संस्थेचे चिटणीस आहेत, कोणाचे छोटे कारखाने व दुकाने आहेत, तर अनेक जण कार्यालयांतून नोंदी ठेवण्याचेच काम करतात. जुनी संगणक पद्धती सोडून नवी घेण्याचा विषय आज ना उद्या या सर्वांसमोर येतो. अशा वेळी डेटाबेसचा जाणकार माणूस नेमावा लागतो. तो कसा नेमावा, त्याच्याकडून काय करून घ्यावे आणि कोणती जबाबदारी त्याच्यावर न टाकता आपल्याकडेच ठेवावी, हे सोप्या भाषेत सांगण्याचा आमचा हा प्रयत्न आहे.

स्थलांतर म्हणजे नेमके काय?

प्रथम डेटाबेस म्हणजे काय ते पाहू. आयबीएम कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती कोऱ्या फायलींच्या ढिगाप्रमाणे न ठेवता आडव्या ओळी व उभे रकाने असलेल्या कोष्टकांत ठेवावी, आणि एका कोष्टकाचा दुसऱ्याशी संबंध सामाईक क्रमांकाने जोडावा, असा त्याचा गाभा होता. आज जगातील बहुतेक बँका, रेल्वे, रुग्णालये व कारखाने यांच्या नोंदी याच तत्त्वावर ठेवल्या जातात. सभासदांचे एक कोष्टक, ठेवींचे दुसरे, कर्जांचे तिसरे. आणि या तिन्हींना बांधणारा धागा म्हणजे सभासद क्रमांक.

आता दोन पद्धती घ्या. जुनी पद्धती समजा फॉक्सप्रोमध्ये लिहिलेली आहे. अशा जुन्या फायलींत रकान्याचे नाव दहा अक्षरांपेक्षा मोठे ठेवता येत नसे, म्हणून लिहिणाऱ्याने नावे तोडून मोडून ठेवलेली असतात. कोणत्या रकान्यात काय आहे हे ती पद्धती लिहिणाऱ्यालाच ठाऊक, आणि तो गृहस्थ केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीने व्हिज्युअल फॉक्सप्रोचा आधार जानेवारी २०१५ मध्ये पूर्णपणे थांबवला. अशी पद्धती आजही चालत असेल तर ती केवळ कोणी हात लावत नाही म्हणून चालते आहे असे समजावे.

जुन्या पद्धतीतून नोंदी बाहेर काढणे, नव्या पद्धतीला चालेल असा आकार त्यांना देणे आणि नंतर त्या नव्या पद्धतीत भरणे, या तीन पायऱ्यांना मिळून स्थलांतर म्हणतात. पहिली व तिसरी पायरी बरीचशी यंत्राची आहे. खरे काम दुसऱ्या पायरीचे, कारण तेथे प्रत्येक रकान्याचा अर्थ लावावा लागतो.

चूक कोठे लपते?

काही नेहमीची उदाहरणे देतो. विद्यार्थ्यांनी ती वहीत टिपून ठेवण्यासारखी आहेत.

१) पुढचे शून्य. अनेक बँकांचे खाते क्रमांक शून्याने सुरू होतात. हा क्रमांक संगणकाने संख्या म्हणून वाचला की पुढची शून्ये गळून पडतात. खाते क्रमांक ही बेरीज करण्याची संख्या नव्हे, ते एक नाव आहे, आणि ते अक्षरे म्हणूनच ठेवले पाहिजे.

२) लांब क्रमांक. एक्सेलमध्ये संख्येचे पहिले पंधरा अंकच अचूक राहतात. सोळा अंकी क्रमांक संख्या म्हणून टाकला तर शेवटचा अंक शून्य होतो आणि कोणतीही सूचना मिळत नाही.

३) तारीख. ३/४/१९६५ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल. अमेरिकी पद्धतीने ४ मार्च. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतील तारखा अशा उलट होऊनही खऱ्या वाटतात, म्हणून ही चूक लवकर पकडली जात नाही.

४) वर्षाचे दोन अंक. वर्ष नुसते '२८' असे लिहिलेले असेल तर एक्सेल ते सर्वसाधारणपणे २०२८ धरते. एखाद्या वयोवृद्ध सभासदाचा जन्मच भविष्यकाळात जातो.

५) शून्य आणि रिकामी जागा. 'देणे शून्य आहे' आणि 'देणे किती ते माहीत नाही' ही दोन वेगळी विधाने आहेत. स्थलांतरात रिकाम्या जागी सरसकट शून्य भरले तर अज्ञान हेच ज्ञान म्हणून नोंदले जाते.

हे प्रकार केवळ छोट्या संस्थांत होतात असे कोणी समजू नये. कोरोनाच्या साथीत, २०२० च्या २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळात इंग्लंडमधील १५,८४१ बाधित रुग्ण रोजच्या आकडेवारीतून वगळले गेले. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या स्वरूपाच्या एक्सेल फाइलमध्ये घेतली जात होती, आणि त्या स्वरूपात एका पानावर ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. जास्तीच्या ओळी मुकाट्याने बाहेर राहिल्या. त्या रुग्णांना त्यांचे निकाल कळले होते, परंतु त्यांच्या संपर्कात आलेल्या माणसांना सावध करण्याचे काम लांबले. साथीच्या रोगात एका आठवड्याचा उशीर म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही.

मराठी नोंदींचा स्वतंत्र प्रश्न

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे आणि बाहेरगावच्या तज्ज्ञाला ती पुष्कळदा ठाऊक नसते. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये टंकित होत असे. त्या फाइलमध्ये खरे तर मराठी अक्षरे नसतातच. इंग्रजी अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असतात. फॉन्ट काढून घेतला की 'सभासदाचे नाव' याऐवजी अर्थहीन चिन्हांची रांग दिसते.

शिवाय अशा फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवली जातात. 'किसन' लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि 'क' नंतर. युनिकोडमध्ये मात्र 'क' आधी व वेलांटी नंतर. 'कर्म' या शब्दातील रफार जुन्या फॉन्टमध्ये 'म' नंतर येतो, युनिकोडमध्ये 'म' च्या आधी. त्यामुळे केवळ चिन्हाला चिन्ह बदलून भागत नाही. क्रमही फिरवावा लागतो. प्रत्येक फॉन्टचे कोष्टक वेगळे असते. हे रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, परंतु जोडाक्षरे, 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' यांच्या बाबतीत त्यांचा निकाल डोळ्यांनी तपासून घेतल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

काही ठिकाणी यावर सोपा उपाय म्हणून इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी नावे यंत्राकडून तयार करून घेतात. हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे. इंग्रजी लिपीत ड आणि द, ट आणि त, ण आणि न, ळ आणि ल यांतील भेद उरत नाही. 'ढाले', 'धाले' आणि 'ढळे' ही तिन्ही नावे तेथे एकच होतात. नाव हे माणसाचे असते. ते कसे लिहावयाचे हे त्यालाच विचारले पाहिजे. भविष्य निर्वाह निधीच्या कागदावर एक नाव, आधारवर दुसरे आणि बँकेत तिसरे, अशा एका अक्षराच्या फरकापायी निवृत्त कामगारांना किती खेटे घालावे लागतात, हे आपल्यापैकी अनेकांनी आपल्या घरातच पाहिले आहे.

बेरीज जुळली, हिशेब नाही

आमच्या पाहण्यातील एका पतसंस्थेची हकीकत येथे सांगावीशी वाटते. नवी पद्धती आली, नोंदी हलवल्या, ठेवींची एकूण बेरीज पैशापर्यंत जुळली. पेढे वाटले गेले. आम्हीही त्या आनंदात सामील होतो. काही महिन्यांनी एक सभासद आले. त्यांच्या खात्यावर अपेक्षेपेक्षा जास्त रक्कम दिसत होती, आणि त्यांनी प्रामाणिकपणे ती दाखवून दिली. शोध घेता कळले की काका व पुतण्या या दोघांची नावे, वडिलांची नावे व पत्ता सारखाच होता. 'दुबार नोंदी एकत्र करा' अशी सूचना दिली गेली होती, आणि यंत्राने ती पाळली होती. दोन माणसांचे एक माणूस झाले होते. बेरीज बिघडली नव्हती, कारण पैसे संस्थेतून बाहेर गेलेच नव्हते. ते केवळ एका घरातून शेजारच्या घरात गेले होते.

या प्रसंगात नेमलेल्या तरुणाचा दोष होता काय? त्याला सांगितले तसे त्याने केले. दुबार कोणाला म्हणायचे हे ठरवण्याचे काम आम्हां जाणत्या मंडळींचे होते. आम्ही यादी वाचण्याचा कंटाळा केला. ज्याने जास्तीची रक्कम परत दाखवली तो सभासद गप्प राहिला असता तर काय झाले असते, हा विचार आजही मनात येतो. तेव्हापासून एक गोष्ट आम्ही पक्की धरली आहे. एकूण बेरीज जुळणे ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. प्रत्येक सभासदाची शिल्लक त्याच्याच क्रमांकासमोर जुळली पाहिजे.

टीएसबी बँकेचा धडा

मोठ्या संस्थेत हेच काम बिघडले तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटनमधील टीएसबी बँकेचे आहे. ही बँक पूर्वी लॉइड्स समूहात होती. २०१५ साली ती स्पेनच्या साबाडेल या बँकेने विकत घेतली. ग्राहकांच्या नोंदी मात्र लॉइड्सच्याच संगणकांवर होत्या. त्या नव्या पद्धतीवर नेण्याचे ठरले. हे काम साबाडेल समूहाच्याच संगणक कंपनीकडे, साबिसकडे, देण्यात आले. २०१७ च्या नोव्हेंबरात व्हावयाचे स्थलांतर पुढे ढकलले गेले आणि २०१८ च्या एप्रिल महिन्यात, २० ते २२ तारखेला, शुक्रवार ते रविवार, ते पार पाडण्यात आले. बँकेचे सुमारे ५२ लाख ग्राहक होते.

नोंदी स्वतः सुखरूप नव्या जागी पोहोचल्या, पण नवी जागा माणसांचा भार सोसू शकली नाही. जवळपास १९ लाख ग्राहकांना आपल्या खात्यांत प्रवेश मिळेना. काहींना चक्क दुसऱ्यांच्या खात्यांचे तपशील दिसले. पगार, भाडे, हप्ते अडकले. गोंधळाचा फायदा घेऊन ठगांनी ग्राहकांना फसवले. कारभार पूर्णपणे सुरळीत होण्यास डिसेंबर २०१८ उजाडला. सव्वादोन लाखांहून अधिक तक्रारी आल्या. बँकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी पॉल पेस्टर यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पद सोडले. ग्राहकांना ३ कोटी २७ लाख पौंड भरपाई द्यावी लागली आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामक संस्थांनी बँकेला एकूण ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला.

कारणे तपासली असता ती आपल्या ओळखीचीच निघाली. टप्प्याटप्प्याने न जाता बहुतांश स्थलांतर एकाच झटक्यात केले गेले. दोन डेटा सेंटरवरून कारभार चालणार होता, पण भार सोसण्याची चाचणी त्यांपैकी एकावरच झाली. तारीख आधी ठरली आणि काम त्या तारखेत बसवले गेले. मुख्य कंपनीने कामाचे भाग पुढे अनेक पोटकंत्राटदारांना दिले होते, त्यांच्या तयारीची खातरजमा पुरेशी झाली नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट एप्रिल २०२३ मध्ये घडली. बँकेचे तत्कालीन मुख्य माहिती अधिकारी कार्लोस अबार्का यांना वैयक्तिक ८१,६२० पौंडांचा दंड झाला. काम दुसऱ्या कंपनीने केले होते, हा बचाव चालला नाही. ती कंपनी खरोखर तयार आहे काय, याची पुरेशी खात्री त्यांनी करून घेतली नाही, असा ठपका होता. काम दुसऱ्याला देता येते, जबाबदारी देता येत नाही, हे सूत्र यातून घ्यावयाचे.

आपल्याकडेही असे स्थलांतर सर्वांच्या अनुभवाचे आहे. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक व विजया बँक या बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या आणि त्यांचे जुने आयएफएससी कोड १ मार्च २०२१ पासून बंद झाले. म्हणजे दोन वर्षांच्या आसपास जुने आणि नवे शेजारी शेजारी चालले. घाई न करता जुने दार काही काळ उघडे ठेवणे, हा यातील शहाणपणा छोट्या संस्थांनीही घ्यावा.

तज्ज्ञ कसा निवडावा?

जाहिरात देण्यापूर्वी कार्यकारिणीने चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. कोणत्या पद्धतीतून कोणत्या पद्धतीत जावयाचे आहे? नोंदी साधारण किती व किती वर्षांच्या आहेत? त्यांपैकी कोणत्या न्यावयाच्याच आहेत? काम झाले असे केव्हा म्हणायचे? शेवटचा प्रश्न लिहिलेला नसेल तर पुढे पैशांवरून वाद ठरलेला.

मुलाखतीस आलेल्यास पुढील गोष्टी विचाराव्यात :

१) आपण पूर्वी असे कोणते काम केले? त्यात काय बिघडले आणि कसे सावरले? माझ्या कामात कधीच काही बिघडले नाही असे सांगणाऱ्यापेक्षा बिघाड सविस्तर सांगणारा माणूस अधिक भरवशाचा.

२) जुन्या व नव्या नोंदींची जुळणी कशी करून दाखवाल? येथे केवळ 'ओळी मोजू' असे उत्तर पुरेसे नाही. रकमांची बेरीज, प्रत्येक खात्याची शिल्लक आणि निवडक खाती मूळ कागदाशी ताडून पाहणे, हे तिन्ही यावयास हवे.

३) मध्येच अडचण आली तर मागे कसे फिराल? परतीची वाट ज्याने आखलेली नाही त्याच्या हाती बिऱ्हाड देऊ नये.

४) आमच्या नोंदी आपण कोठे ठेवणार? स्वतःच्या घरच्या संगणकावर, पेन ड्राइव्हवर की आमच्याच जागेत?

५) हिशेबाची माहिती किती? जमा-नावे, आरंभीची शिल्लक, तेरीज ज्याला कळत नाही त्याला हिशेबाच्या नोंदी हलवताना चूक झाली हेही कळत नाही.

याखेरीज एक छोटी परीक्षा घ्यावी. दोनशे बनावट नोंदींची फाइल तयार करावी. त्यात मुद्दाम काही चुका पेराव्यात. एक क्रमांक दोघांना, ३० फेब्रुवारी अशी तारीख, पाच अंकी पिनकोड, दहाऐवजी नऊ अक्षरांचा पॅन, एकाच नावाचे दोन सभासद. फाइल देऊन उमेदवार काय करतो ते पाहावे. जो निमूटपणे भरून देतो तो नको. जो आपल्या मनाने दुरुस्त करून देतो तो त्याहून नको. जो यादी काढून विचारतो, "यांचे काय करावयाचे?" तो आपला माणूस.

मोबदल्याचा प्रश्न निघतोच. सर्वांत कमी दर सांगणाऱ्यास काम देण्याची आपल्याकडे रीत आहे. येथे ती महाग पडते. परंतु नावाजलेला म्हणून कोणास डोळे मिटून काम देणे हेही बरोबर नाही. रक्कम टप्प्यांनी द्यावी. काही भाग अभ्यास व आराखडा दिल्यावर, काही पूर्ण रंगीत तालीम झाल्यावर, काही प्रत्यक्ष स्थलांतरानंतर आणि शेवटचा भाग नव्या पद्धतीवर एका महिन्याचा हिशेब बंद होऊन तेरीज जुळल्यावरच.

करार आणि कायदा

करार लेखी असावा. गुप्ततेची अट, काम संपल्यावर त्याच्याकडील सर्व प्रती नष्ट करण्याची अट, त्याने लिहिलेल्या आज्ञावली व रकान्यांचे जुळणी-कोष्टक संस्थेच्या मालकीचे राहील ही अट, आणि पुढे किती दिवस तो मदत करील याची मुदत, एवढे तरी त्यात हवेच. सरावासाठी नोंदी देताना खरी नावे, आधार व दूरध्वनी क्रमांक बदलून द्यावेत.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला. लोकांची माहिती ज्या संस्थेने गोळा केली तिनेच तिच्या सुरक्षिततेला उत्तरदायी असावे, मग प्रत्यक्ष काम कोणाकडूनही करून घेतलेले असो, अशी त्याची भूमिका आहे. दुसऱ्या बाजूने जुनी माहिती फेकूनही देता येत नाही. कंपनी कायदा, २०१३ नुसार कंपनीने हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपली पाहिजेत. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब ठेवावे लागतात. म्हणून जुनी पद्धती केवळ वाचण्यापुरती जिवंत ठेवावी. तिची प्रत घ्यावी आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न वटवलेला धनादेश होय.

कामाचा क्रम

प्रथम जुन्या पद्धतीतील प्रत्येक रकान्याची यादी करावी. त्याच्यासमोर नव्या पद्धतीतील रकाना लिहावा. अर्थ कळत नाही तेथे प्रश्नचिन्ह करावे आणि संस्थेतील सर्वांत जुन्या कारकुनाला बोलवावे. 'शेऱ्याच्या रकान्यात एक्स लिहिले असेल तर खाते वारसाकडे गेले असे समजायचे' ही माहिती कोणत्याही पुस्तकात नसते, ती त्या कारकुनाच्या डोक्यात असते. तो निवृत्त होण्यापूर्वी हे काम व्हावे.

त्यानंतर शुद्धीकरण. ते जुन्या पद्धतीतच करावे. घाण घेऊन नव्या घरात जाऊ नये.

मग रंगीत तालीम, निदान दोन वेळा, पूर्ण नोंदींसह व घड्याळ लावून. तपासणीसाठी सोपी खाती न घेता अवघड खाती निवडावीत : सर्वांत जुना सभासद, सर्वांत मोठी ठेव, संयुक्त खाते, अज्ञानाचे खाते, मयत सभासद, बंद होऊन पुन्हा उघडलेले खाते.

प्रत्यक्ष दिवस ३१ मार्चच्या धामधुमीतला नसावा. त्या दिवशी जुन्या पद्धतीत नवी नोंद बंद करावी, किती वाजेपर्यंत जुळणी न झाल्यास मागे फिरावयाचे ते आधीच ठरवावे, आणि तो निर्णय कोणी घ्यावयाचा त्याचे नावही लिहून ठेवावे. पुढे काही आठवडे दोन्हीकडील शिल्लक रोज ताडावी. शेवटी प्रत्येक सभासदास त्याच्या नावाचे व शिलकेचे पत्रक द्यावे. आपली नोंद बरोबर आहे किंवा नाही हे सांगणारा त्याच्याहून मोठा तज्ज्ञ नाही.

विद्यार्थी मित्रांसाठी

विद्यार्थी मित्रांनो, या क्षेत्रात शिरण्यासाठी महागड्या वर्गांची गरज आहे असे नाही. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूलाइट यांसारख्या डेटाबेस पद्धती विनामूल्य मिळतात. एसक्यूएल ही प्रश्न विचारण्याची भाषा दोन-तीन महिन्यांच्या नियमित सरावाने हाताशी येते. तिच्या जोडीला वाणिज्य शाखेतील पुस्तपालन शिकावे आणि मराठी युनिकोडमध्ये टंकलेखन करावे. संगणक जाणणारे पुष्कळ आहेत. संगणक, हिशेब आणि मराठी तिन्ही जाणणारे थोडे आहेत, आणि आपल्याकडील संस्थांना गरज त्यांचीच आहे.

सरावासाठी घरातीलच एखादी जुनी वही घ्या. भिशीची, किराणा दुकानाच्या उधारीची किंवा वाचनालयातील पुस्तकांची. तिची कोष्टके करा, नोंदी भरा, आणि शेवटी वहीशी एकेक ओळ ताडून पाहा. एक ओळ चुकली तरी ती का चुकली ते शोधा. हा कंटाळवाणा भागच या व्यवसायाचा प्राण आहे.

समारोप

संगणकाच्या दृष्टीने सभासद म्हणजे कोष्टकातील एक ओळ. आपल्या दृष्टीने तो माणूस आहे. त्याने रोजंदारीतून, शिलाईतून, भाजीच्या टोपलीतून वाचवलेला पैसा त्या ओळीत आहे. ओळ हलवताना माणूस हलतो आहे याचे भान ज्याला आहे तोच खरा तज्ज्ञ, आणि असा तज्ज्ञ शोधणे हे कार्यकारिणीचे कर्तव्य. पुढील वर्षी कोणा संस्थेने नवी पद्धती घेताना हा लेख एकदा काढून वाचला आणि एका जरी सभासदाचे नाव योग्य जागी राहिले, तरी आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.